टेबलाच्या त्या बाजूला कोण बसलंय?

तुमच्या सोसायटीची एखादी सभा आठवा. पाणी सोडायची वेळ ठरवायची होती. पुढच्या टेबलापाशी बसलेले पाच-सहा जण सकाळी साडेआठला घराबाहेर पडणारे. सहा ते सात पाणी सोडायचं, असं पाच मिनिटांत ठरलं आणि चहा आला. घरी आल्यावर मात्र तुम्ही चिडून म्हणालात, ''कामाला बाई दहाला येते. तेव्हा नळाला पाणी नसेल, हे एकाच्याही डोक्यात कसं आलं नाही?''

त्या लोकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी सकाळी दहाचं स्वयंपाकघर कधी पाहिलंच नव्हतं, एवढंच.

आता हेच टेबल मनातल्या मनात खूप मोठं करा. त्याभोवती सव्वीस जण बसले आहेत आणि त्यांच्या हातात दहा कॅम्पस आणि जवळपास तीन लाख विद्यार्थी आहेत. फी किती, प्रवेश कुणाला, कुलगुरू कोण, हे सगळं तिथे ठरतं. हे टेबल आहे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं. बर्कली आणि यूसीएलए ही नावं तुमच्या घरात नाही तर शेजारी तरी ऐकली असतीलच. बारावीनंतर किंवा इंजिनीअरिंगनंतर मुलगा-मुलगी अमेरिकेला जायचं म्हणू लागली की पहिल्या यादीत ही नावं असतात. आपण त्या विद्यापीठाचं रँकिंग पाहतो, फी पाहतो, हवामान पाहतो, जवळपास कुणी नातेवाईक आहेत का तेही पाहतो. तिथले निर्णय घेणारी माणसं कोण आहेत, हे मात्र कुणी पाहत नाही.

मी सांगते, ते पाहण्यासारखं आहे.

हे मंडळ असतं तरी काय?

अमेरिकेत सरकारी विद्यापीठं केंद्र सरकारची नसतात, ती त्या त्या राज्याची असतात. प्रत्येक विद्यापीठावर एक नियामक मंडळ असतं. कुठे त्याच्या सभासदांना रीजंट म्हणतात, कुठे ट्रस्टी, तर व्हर्जिनियात चक्क 'व्हिझिटर' म्हणतात. हे लोक बहुधा प्राध्यापक नसतात. वकील, उद्योजक, बिल्डर, बँकर, निवृत्त राजकारणी, अशी ही मंडळी. बहुतेक राज्यांत त्यांना राज्यपाल नेमतात. आणि तिथला राज्यपाल म्हणजे आपल्यासारखा राजभवनातला नव्हे. लोकांनी निवडून दिलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा कारभार करणारा. मिशिगनसारख्या काही राज्यांत मात्र मतदार थेट मत देऊन रीजंट निवडतात.

कॅलिफोर्नियात सव्वीसपैकी अठरा जण राज्यपाल नेमतो आणि तेही एकदम बारा वर्षांसाठी. म्हणजे तुमची मुलगी पहिलीत असताना नेमलेला माणूस ती कॉलेजात जाईपर्यंत तिथेच असतो. सात जण पदामुळे येतात. खुद्द राज्यपाल, विधानसभेचे अध्यक्ष, विद्यापीठाचे प्रमुख वगैरे. आणि एक जागा विद्यार्थ्याची. तिच्याबद्दल पुढे बोलू.

हे टेबल आपल्या घरापर्यंत कसं पोहोचतं, याचं एकच उदाहरण देते. नोव्हेंबर २०२४ मध्ये या मंडळाने ठरवलं की कॅलिफोर्नियाबाहेरून पदवीसाठी नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांनी जी जादा फी भरायची, ती ३४,२०० डॉलरवरून ३७,६०२ डॉलर करायची. वाढ ३,४०२ डॉलरची, म्हणजे तेव्हाच्या दराने वर्षाला पावणेतीन लाख रुपयांहून जास्त. ही फक्त वाढ, आणि तीसुद्धा नेहमीच्या फीवर लागणाऱ्या जादा फीतली. नाशिकमध्ये किंवा इंदूरमध्ये शैक्षणिक कर्जाचा हप्ता मांडत बसलेल्या आई-वडिलांची जागा त्या टेबलावर नाही. असावी असं माझं म्हणणंही नाही. विद्यापीठ कॅलिफोर्नियाच्या करदात्यांचं आहे. पण आकडे मांडताना कुणाचं घर डोळ्यांसमोर असतं, हा प्रश्न मात्र तिथून सुरू होतो. आणि तो फक्त परदेशी विद्यार्थ्यांचा नाही, त्या राज्यातल्याच लाखो घरांचा आहे.

व्यायामशाळेची गोष्ट

हे विद्यापीठ १८६८ चं. दोनच वर्षांनी, १८७० मध्ये, रीजंटांनी ठराव केला की मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश द्यायचा. मंडळात तेव्हा एकही बाई नव्हती. म्हणजे पुरुषांच्या मंडळाकडून चांगला निर्णय होतच नाही असं नाही, हे आधी कबूल करायला हवं. दार त्यांनीच उघडलं.

पण दार उघडणं वेगळं आणि आत आलेल्या माणसाला काय लागेल, हे ओळखणं वेगळं. बर्कलीत मुली शिकू लागल्या, तरी व्यायामशाळा होती ती मुलांची. मुलींना बसायला, भेटायला धड जागा नव्हती. हे मंडळाला कुणी सांगायचं?

१८९७ मध्ये फीबी ॲपरसन हर्स्ट या पहिल्या महिला रीजंट झाल्या. खाणमालक आणि सिनेटर असलेल्या जॉर्ज हर्स्ट यांच्या त्या विधवा; लग्नाआधी त्या शाळेत शिकवायच्या. रीजंट होण्याआधीच त्यांनी बर्कलीतल्या मुलींसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या होत्या. पुढे त्यांनी स्वतःच्या पैशाने बांधलेली हर्स्ट हॉल ही इमारत विद्यापीठाला दिली. ती मुलींची व्यायामशाळा आणि एकत्र जमायची हक्काची जागा झाली. १९२२ मध्ये ती जळाली, तेव्हा त्यांच्या मुलाने आईच्या स्मरणार्थ त्याच कॅम्पसवर महिलांसाठी नवी व्यायामशाळा बांधून दिली. ती आजही उभी आहे.

छान गोष्ट आहे ना? पण मला तिच्यातली एक गोष्ट खटकते. पहिली बाई त्या टेबलापर्यंत पोहोचली ती अफाट श्रीमंत होती म्हणून. तिच्या जागी धोबीणीची हुशार मुलगी असती, तर तिला कुणी आत घेतलं नसतं. टेबलावर बाई आली, पण तीही त्याच श्रीमंत वर्गातून. हा प्रश्न आजही सुटलेला नाही. नियामक मंडळांवर बायका आल्या, वेगवेगळ्या वंशाचे लोक आले, तरी पुष्कळदा ते राजकीय पक्षांना मोठ्या देणग्या देणाऱ्यांच्या ओळखीतलेच असतात.

घटनेत लिहिलं, पण आकडा नाही

१९६० च्या दशकात बर्कली विद्यार्थी आंदोलनांनी पेटलेलं होतं. कॅम्पसवर तरुण, तऱ्हेतऱ्हेच्या घरांतून आलेली मुलं आणि मंडळावर बहुतेक सगळे वयस्क, सधन, गोरे पुरुष. हे अंतर लोकांना दिसत होतं. शेवटी १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती केली. रीजंटची मुदत तोवर सोळा वर्षं होती, ती बारा झाली. विद्यार्थ्याला मंडळावर घ्यायची मुभा मिळाली. आणि एक कलम आलं: रीजंट कर्तबगार तर असावेतच, पण राज्यातली आर्थिक, सांस्कृतिक आणि सामाजिक विविधता त्यांच्यात दिसावी, त्यात अल्पसंख्य वंशाचे लोक आणि स्त्रियाही असाव्यात.

लगेच पुढे असंही लिहिलं की यासाठी कुठलंही सूत्र किंवा ठरावीक प्रमाण लावायचं नाही.

आपल्याला हे वाचून गंमत वाटते. आपण राखीव जागांच्या देशात वाढलो. ग्रामपंचायत म्हटलं की निम्म्या जागा बायकांच्या, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. अमेरिकेत मात्र 'इतक्या जागा अमक्यांच्या' असं लिहिणं म्हणजे कोर्टाची पायरी चढणं. त्यामुळे तिथे इच्छा लिहिली जाते, संख्या लिहिली जात नाही. मग ती इच्छा पाळायची कुणी? नेमणुकीआधी राज्यपालाने एका बारा जणांच्या सल्लागार समितीशी बोलायचं, असंही त्याच घटनेत आहे. राज्यपालांनी ही समिती कागदावरच ठेवल्याची तक्रार तिथे अनेकदा झाली आहे. हे वाचून मात्र आपल्याला अगदी घरच्यासारखं वाटतं.

तरीही त्या कलमानंतर टेबल बदललं. १९७६ मध्ये विल्मा मार्टिनेझ रीजंट झाल्या. टेक्सासमधल्या मेक्सिकन वंशाच्या कुटुंबातल्या, पेशाने वकील. मेक्सिकन-अमेरिकनांच्या हक्कांसाठी कोर्टात लढणाऱ्या संस्थेच्या त्या प्रमुख होत्या. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना सरकारी शाळेतून हाकलता येणार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा निकाल याच संस्थेने लढून मिळवला. मार्टिनेझ १९८४ ते १९८६ या काळात मंडळाच्या अध्यक्ष होत्या. याच काळात दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध विद्यार्थ्यांनी कॅम्पस दणाणून सोडले होते. जुलै १९८६ मध्ये मंडळाने ठरवलं की तिथे धंदा करणाऱ्या कंपन्यांतून विद्यापीठाची तीन अब्ज डॉलरहून अधिक गुंतवणूक काढून घ्यायची. मतदान एकतर्फी नव्हतं, चांगलं चुरशीचं झालं.

दिसणं एक आणि मत एक?

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, बायका आणि अल्पसंख्य वंशाचे लोक आले की सगळं आपोआप नीट होतं. थांबा. याच मंडळातली पुढची गोष्ट ऐका.

१९९३ मध्ये वॉर्ड कॉनर्ली नावाचे कृष्णवर्णीय उद्योजक रीजंट झाले. बालपण गरिबीत गेलेलं, आजीने वाढवलेलं. विद्यापीठात तेव्हा प्रवेश देताना वंशाचा विचार होत असे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मागे राहिलेल्यांना थोडं झुकतं माप मिळत असे. कॉनर्लींनी त्याविरुद्धच मोहीम उघडली. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या गुणांवर जोखा, कातडीच्या रंगावर नको, असं ते म्हणायचे. जुलै १९९५ मध्ये मंडळाने १४ विरुद्ध १० मतांनी वंशाधारित प्रवेश बंद केले. पुढच्याच वर्षी सार्वमत झालं आणि ही बंदी राज्यभर लागू झाली. त्या मोहिमेचे नेतेही कॉनर्लीच.

मला त्यांचं म्हणणं पटत नाही. पण ज्या टेबलावर आपल्याला विविधता हवी, तिथे आलेल्या माणसाने आपल्याच मनासारखं बोललं पाहिजे, असा आग्रह धरला तर ती विविधता कसली? सासूबाई आणि सूनबाई दोघी बायकाच असतात; मतं एक असतात का?

परिणाम मात्र परिणामच होता. १९९८ मध्ये बर्कली आणि यूसीएलएत प्रवेश मिळालेल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांची संख्या धाडकन खाली आली. २००६ मध्ये यूसीएलएच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या ४,८०० हून अधिक मुलांमध्ये कृष्णवर्णीय किती असावेत? शहाण्णव. लॉस एंजेलिससारख्या शहरातलं सरकारी विद्यापीठ आणि ९६! त्या मुलांना पुढे कित्येक वर्षं 'ते शहाण्णव' म्हणूनच ओळखलं जायचं. कल्पना करा, तुमची लेक चारशे मुलांच्या वर्गात बसली आहे आणि तिच्यासारखं दिसणारं दुसरं कुणीच नाही. प्रश्न विचारायला हात वर करतानासुद्धा तिच्या मनात काय येत असेल? यूसीएलएने त्यानंतर अर्ज तपासायची पद्धत बदलली. नुसते मार्क न बघता मूल कुठल्या शाळेतून, कुठल्या परिस्थितीतून आलं आहे, ते सगळं एकत्र पाहायला सुरुवात केली.

मंडळानेही मत बदललं. १९९५ चा तो ठराव २००१ मध्ये एकमताने मागे घेतला गेला, पण सार्वमताचा कायदा तसाच राहिला. २०२० मध्ये तो रद्द करायचा प्रस्ताव पुन्हा मतदारांपुढे आला. रीजंटांनी एकमताने पाठिंबा दिला, तरी मतदारांनी तो फेटाळला. म्हणजे टेबलावरच्या लोकांची ताकदही अमर्याद नाही.

त्याच २०२० मधला एक निर्णय तुमच्या घरातल्या मुलांना माहीत असेल. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी एसएटीचे मार्क पाहत नाही. हा निर्णयही याच मंडळाचा. प्राध्यापकांच्या समितीने परीक्षा ठेवावी असं सुचवलं होतं. त्यांचाही मुद्दा होताच, की चांगल्या मार्कांमुळे गरीब शाळांतली काही हुशार मुलं उठून दिसतात. पण मंडळात दुसरी बाजू जोरात मांडली गेली, की ज्यांच्या आई-वडिलांना क्लासची फी परवडते त्यांचे मार्क वाढतात, मग परीक्षा नक्की कशाची होते? मे २०२० मध्ये मंडळाने एकमताने एसएटीची सक्ती संपवायचं ठरवलं. कोटा, लातूर आणि गल्लोगल्लीच्या क्लासेसची सवय असलेल्या आपल्याला हा वाद समजावून सांगायला नको. त्याच वर्षी मायकल ड्रेक हे विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय प्रमुख म्हणून मंडळाने निवडले. त्यांच्याआधी २०१३ मध्ये जॅनेट नापोलितानो या पहिल्या महिला प्रमुख निवडल्या गेल्या होत्या.

एका विद्यार्थ्याची जागा

आता त्या विद्यार्थ्याच्या जागेबद्दल. कॅलिफोर्नियात १९७५ पासून एक विद्यार्थी रीजंट असतो आणि त्याला बाकीच्यांइतकंच पूर्ण मत असतं. पहिलं वर्ष तो शिकाऊ म्हणून बसतो, दुसऱ्या वर्षी मत देतो. बारा वर्षं बसणाऱ्यांमध्ये एका वर्षाचा मतदार, त्याने काय होणार, असं वाटतं.

पण एक जागा काय करू शकते ते पाहायला आपण देशाच्या दुसऱ्या टोकाला, नॉर्थ कॅरोलायनात जाऊ. तिथलं चॅपेल हिल हे जुनं, नावाजलेलं सरकारी विद्यापीठ. त्याच्या मंडळावर २०२१ मध्ये तेरा ट्रस्टी होते. त्यातले बारा थेट किंवा आडवाटेने राज्याच्या विधिमंडळाकडून आलेले, तेरावा विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष.

२०२१ मध्ये या विद्यापीठाने निकोल हॅना-जोन्स यांना पत्रकारितेच्या एका मानाच्या प्राध्यापकपदावर बोलावलं. त्या कृष्णवर्णीय, याच विद्यापीठाच्या माजी विद्यार्थिनी आणि २०२० च्या पुलित्झर पारितोषिकाच्या मानकरी. अमेरिकेच्या इतिहासात गुलामगिरीचं स्थान काय, यावर त्यांनी मोठा प्रकल्प उभा केला होता आणि त्यावरून देशात दोन तट पडले होते. या पदावर त्यांच्याआधी आलेल्यांना कायम नेमणूक मिळाली होती. प्राध्यापकांनी यांच्याही कायम नेमणुकीची शिफारस केली. ट्रस्टींनी मात्र तो विषय मताला घेतलाच नाही. त्याऐवजी त्यांना पाच वर्षांचा करार दिला गेला.

तुम्ही नोकरी केली असेल तर हे वाक्य तुम्हाला कुठेतरी टोचलं असेल. 'नाही' कुणी म्हणत नाही. फाइल फक्त पुढे सरकत नाही.

बातमी फुटली, विद्यार्थी आणि प्राध्यापक रस्त्यावर आले. पण मंडळ बाहेरच्या घोषणांनी भरत नाही. कुणीतरी आतल्या माणसाने रीतसर सभा मागावी लागते. ती मागणी केली तेराव्या ट्रस्टीने, म्हणजे विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षाने. तोही कृष्णवर्णीय. नुकताच पदावर आलेला, वयाने सगळ्यांत लहान. ३० जून २०२१ ला विशेष सभा झाली आणि ९ विरुद्ध ४ मतांनी कायम नेमणूक मंजूर झाली.

हॅना-जोन्स यांनी ती नाकारली. आठवड्याभरातच त्यांनी जाहीर केलं की आपण वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, म्हणजे मूळ कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या संस्थेत जात आहोत. जिथे आपल्याला घ्यायचं की नाही यावर एवढी ओढाताण झाली, तिथे कशाला जायचं? मला त्यांचा निर्णय पूर्ण समजतो. पण चॅपेल हिलमध्ये शिकणाऱ्या मुलींना एक मोठी शिक्षिका मिळायची राहिली, हेही खरंच.

बायकांचं गणित

अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून कॉलेजात मुलांपेक्षा मुली जास्त आहेत. सरकारी विद्यापीठांच्या मंडळांवर मात्र बायका आजही निम्म्याहून कमी आहेत. शिकणाऱ्यांत बहुमत मुलींचं आणि ठरवणाऱ्यांत पुरुषांचं.

आयोवा या शेतीप्रधान राज्याने यावर सरळ उपाय केला होता. १९८७ मध्ये त्यांनी कायदा केला की राज्याच्या सर्व नेमलेल्या मंडळांवर स्त्री-पुरुषांचा समतोल राखायचा. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. नऊ जणांच्या रीजंट मंडळालाही तो लागू होता. सदतीस वर्षं हा कायदा चालला. २०२४ मध्ये तो रद्द झाला. लायक माणूस निवडा, स्त्री की पुरुष ते बघू नका, आता बायका आपल्या बळावर येतील, असं सांगितलं गेलं. त्यावर सही करणाऱ्या राज्यपाल किम रेनॉल्ड्स या आयोवाच्या पहिल्या महिला राज्यपाल.

गेल्या काही वर्षांत तिथलं वारंच फिरलं आहे. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करायला देशभर मनाई केली. त्या खटल्यातली एक बाजू हेच चॅपेल हिल होतं. मे २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या सगळ्या सरकारी विद्यापीठांवरच्या मंडळाने विविधतेचं आपलं धोरणच मागे घेतलं. नियम मोडीत निघाले की कोण नेमलं जातं हे नेमणाऱ्याच्या मर्जीवर राहतं. म्हणून तर टेबलाकडे लक्ष ठेवायची गरज आता जास्त आहे, असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्या कायद्यात लिहिता येत नाही. मंडळावर बाई एकच असली की तिचं काय होतं, हे तुम्हाला कुठल्याही कमिटीत दिसेल. तिला हळदीकुंकवाचं आणि बक्षीस समारंभाचं काम देतात. हिशेबाची वही तिच्यापर्यंत येत नाही. ती काही बोलली तर 'बायकांचं मत' म्हणून ऐकतात, सभासदाचं मत म्हणून नाही. दोघी-तिघी असल्या की एकमेकींशी वादही घालता येतो, आणि मग लोक त्यांना माणसं म्हणून ऐकायला लागतात.

आपल्याकडचं टेबल

आपण तर आकडे लिहिणारी माणसं. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यापीठाच्या सिनेटवर, म्हणजे अधिसभेवर, पदवीधरांनी निवडून द्यायच्या दहा जागा आहेत. त्यातल्या पाच राखीव आहेत: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला, प्रत्येकी एक. कॅलिफोर्नियाच्या घटनेत जे नुसतं 'असावं' म्हटलं आहे, ते इथे मोजून लिहिलं आहे. महिलेची हक्काची जागा दहात एकच, हेही त्याच मोजणीत दिसतं.

आणि ही जागा भरायची कुणी? तुम्ही. तुम्ही पदवीधर असाल आणि तुमच्या विद्यापीठाच्या मतदार यादीत नाव नोंदवलं असेल, तर ते मत तुमचं आहे. कितीजणींनी ते नोंदवलं आहे? मी ओळखीतल्या आठ-दहा जणींना विचारलं. दोघींना अशी निवडणूक असते हेच माहीत नव्हतं, एकीने नवऱ्याच्या मित्राने फॉर्म आणला म्हणून भरला होता, बाकीच्या हसल्या. मुंबई विद्यापीठात ही निवडणूक दोन वर्षं रखडली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. या दोन वर्षांत किती घरांत त्याची चर्चा झाली असेल?

मुलगी महाराष्ट्रातल्या कॉलेजात शिकत असेल तर आणखी जवळचं एक टेबल आहे: महाविद्यालय विकास समिती. तिच्यावर शिक्षकांनी निवडलेले तीन शिक्षक असतात आणि त्यांत किमान एक महिला असलीच पाहिजे, असं कायदा सांगतो. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिवही या समितीवर असतात. समितीवर सध्या कोण आहेत हे कॉलेजात चौकशी करून कळतं. लेडीज टॉयलेटला कडी नाही, लायब्ररी सहाला बंद होते आणि लांबून येणाऱ्या मुलींना बसपर्यंत कुठे थांबायचं ते कळत नाही, असे प्रश्न तिथे मांडता येतात. तुम्ही बडोद्यात, हैदराबादेत किंवा बंगळुरूत राहत असाल तर तिथल्या विद्यापीठाचा कायदा वेगळा असेल, पण कुठलं तरी मंडळ तिथेही आहेच.

आणि ज्यांच्या घरी सध्या अमेरिकेचे फॉर्म भरणं चालू आहे, त्यांनी एक काम करा. विद्यापीठाच्या साइटवर 'रीजंट' किंवा 'ट्रस्टी' या पानावर जा. सभासदांची नावं, बहुधा फोटो आणि थोडक्यात माहितीही असते. मुलीला शेजारी बसवून ते एकदा वाचा. कॅलिफोर्नियाच्या मंडळाच्या खुल्या सभा तर इंटरनेटवर थेट दिसतात आणि सुरुवातीला सामान्य लोकांना बोलायला थोडा वेळ देतात. विद्यार्थी, सफाई कामगार, नर्स, पालक, एकामागून एक येतात आणि घाईघाईने आपलं म्हणणं मांडतात. वेळ संपली की माइक बंद. त्यानंतर कॅमेरा टेबलाकडे वळतो.